नव्वद दिवसांचा हिशेब

पुण्यातल्या निवृत्त जोडप्याची लेक म्युनिकला असते, तिचे दिवस भरत आलेले असतात आणि आईबाबा सहा महिने तिच्याजवळ राहायच्या तयारीला लागतात. थोरल्या मुलाकडे न्यू जर्सीला ते दोघे असेच सहा-सहा महिने राहून आलेले असतात. त्यामुळे परदेशी गेलं की सहा महिने, हे गणित घरात पक्कं बसलेलं असतं. अमेरिकेपुरतं ते बरंचसं खरंही आहे. तिथे बी-२ व्हिसावर उतरणाऱ्याला विमानतळावरचा अधिकारी बहुधा सहा महिन्यांचा मुक्काम मंजूर करतो. युरोपात हे चालत नाही. तिथल्या बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या शेंगेन व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. हा नियम लेकीच्या बाळंतपणाला आलेल्या आईला, मधुचंद्राला आलेल्या जोडीला आणि कंपनीच्या कामाला आलेल्या इंजिनियरला सारखाच लागू आहे.

या एका नियमाभोवती जितके गैरसमज आहेत, तितके व्हिसाच्या दुसऱ्या कुठल्याही बाबीभोवती नसतील. त्यातला सर्वांत महागात पडणारा असा: नव्वद दिवस संपत आले की दोन दिवस लंडनला किंवा इस्तंबूलला जाऊन यायचं, म्हणजे मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. तशी ती होत नाही. मुक्कामाच्या प्रत्येक दिवशी मागचे १८० दिवस पाहिले जातात, आजचा दिवस त्यात धरून. त्यांत शेंगेन क्षेत्रात घालवलेल्या दिवसांची बेरीज नव्वदच्या वर जाता कामा नये. उतरण्याचा आणि निघण्याचा, दोन्ही दिवस पूर्ण धरले जातात.

उदाहरणाने हे लवकर कळतं. लीप नसलेल्या वर्षी कोणी १ जानेवारीला फ्रँकफर्टला उतरलं आणि ३१ मार्चला परतलं, तर बरोबर ९० दिवस झाले. आता पुन्हा केव्हा जाता येईल? एप्रिलमध्ये नाही, मे महिन्यात नाही, २९ जूनलाही नाही. ३० जूनला मात्र जाता येईल, कारण त्या दिवशी मागे १८० दिवस मोजले तर १ जानेवारी खिडकीबाहेर गेलेला असतो आणि एक दिवस मोकळा होतो. त्यानंतर रोज जुना एकेक दिवस गळत जातो. दुसरं उदाहरण: ६० दिवस लेकीकडे, मग २० दिवस लंडनला भाच्याकडे, मग पुन्हा लेकीकडे. व्हिसावर परत येण्याची मुभा असली, तरी दुसऱ्या खेपेला हातात उरतात ३० दिवसच. हा हिशेब करून देणारं गणनयंत्र युरोपीय आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट आहे. तिकीट काढण्याआधी त्यात तारखा घालून पाहायला दहा मिनिटंही लागत नाहीत.

व्हिसाचं स्टिकरही नीट वाचलं जात नाही, आणि ही हळहळ वाटण्याजोगी गोष्ट आहे, कारण निम्म्या प्रश्नांची उत्तरं त्यावरच छापलेली असतात. त्यावर 'पासून-पर्यंत' अशा दोन तारखा असतात, मुक्कामाचे दिवस वेगळे लिहिलेले असतात आणि किती वेळा आत येता येईल तेही असतं. समजा तारखा १ एप्रिल ते १५ मे आहेत आणि मुक्काम ३० दिवसांचा. म्हणजे या ४५ दिवसांच्या मुदतीत कधीही जाऊन तीस दिवस राहायचं. जादा पंधरा दिवस असतात ते प्रवास मागेपुढे झाला तर सोय म्हणून. त्यांना मुक्कामात धरणारा प्रवासी एकतिसाव्या दिवशी बेकायदा ठरतो, स्टिकरवरची शेवटची तारीख उलटलेली नसली तरी.

पाच वर्षांच्या व्हिसाचंही तसंच. युरोपीय आयोगाने १८ एप्रिल २०२४ रोजी भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी नवे नियम मंजूर केले. मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे घेऊन ते नियमाप्रमाणे वापरले असतील, तर दोन वर्षांचा आणि त्यानंतर साधारणपणे पाच वर्षांचा, अनेक वेळा ये-जा करण्याचा व्हिसा मिळू शकतो. पासपोर्टची मुदत मात्र तेवढी शिल्लक हवी. दर वेळी कागदांची फाइल घेऊन रांगेत उभं राहणाऱ्यांना हा मोठा दिलासा आहे. पण पाच वर्षं ही ये-जा करण्याची मुदत आहे. राहण्याची मर्यादा तीच, १८० दिवसांत ९०. त्याहून अधिक राहायचं असेल तर त्या त्या देशाचा दीर्घ मुदतीचा 'डी' व्हिसा लागतो, आणि नातवंडं सांभाळायची आहेत एवढ्या कारणावर तो सहज मिळत नाही. तिथे गेल्यावर मुक्काम वाढवून मिळतो, पण प्रवास अशक्य करणारी आपत्ती, मानवतावादी कारण किंवा गंभीर वैयक्तिक अडचण दाखवावी लागते. 'अजून थोडं राहावंसं वाटतं' हे कारण त्यात बसत नाही.

पूर्वी दिवस मोजायचे ते पासपोर्टवरच्या शिक्क्यांवरून, आणि पुसट शिक्का वाचताना अधिकाऱ्याचीही गफलत व्हायची. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमांवर संगणकीय नोंदीची नवी व्यवस्था टप्प्याटप्प्याने आणली गेली. आत येणं-जाणं चेहऱ्याच्या छायाचित्रासह नोंदवलं जातं आणि मुदतीपेक्षा जास्त राहिलेल्याचं नाव यंत्रणा स्वतःच दाखवते. चार दिवस वर झाले तर कोण बघतंय, ही समजूत आता फारच धोक्याची झाली आहे. दंड आणि पुढच्या व्हिसाला नकार इथपासून ठरावीक काळ प्रवेशबंदीपर्यंत परिणाम होऊ शकतात.

मुळात शेंगेन म्हणजे कोणते देश, इथेच पुष्कळांचा घोळ होतो. लक्झेंबर्गमधल्या शेंगेन या गावाजवळ, मोझेल नदीतल्या एका बोटीवर, १४ जून १९८५ रोजी पाच देशांनी आपसांतल्या सीमांवरची तपासणी काढून टाकण्याचा करार केला. आज त्यात २९ देश आहेत. बल्गेरिया आणि रोमानिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे आत आले. युरोपीय संघ आणि शेंगेन एकच, असं मात्र नाही. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिख्टेनश्टाइन संघात नसून शेंगेनमध्ये आहेत. आयर्लंड आणि सायप्रस संघात असून शेंगेनमध्ये नाहीत. ब्रिटन दोन्हींत नाही. म्हणून युंगफ्राऊचं बर्फ आणि आयफेल टॉवर एकाच व्हिसात होतात, पण लंडनसाठी वेगळा व्हिसा काढावाच लागतो.

इथे एक अवघड वळण आहे आणि स्वतः आखणी करून निघालेली कुटुंबं त्यावर अडतात. पॅरिस पाहून लंडनला जायचं आणि परतीचं विमान ॲम्स्टरडॅमहून, असा बेत असेल तर शेंगेनमध्ये दोनदा प्रवेश होतो. व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर पॅरिसहून लंडनची गाडी पकडताच तो संपला. अर्ज भरतानाच किती वेळा प्रवेश हवा आहे ते लिहावं लागतं आणि ब्रिटनचा व्हिसा सोबत दाखवला तर कारणही स्पष्ट होतं.

गोव्यात वेगळाच समज आढळतो: पोर्तुगीज पासपोर्ट मिळाला की ब्रिटनमध्ये राहता-कमावता येतं. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा मार्ग खुला राहिला. तो पासपोर्ट घेऊन हजारो गोंयकार ब्रिटनमध्ये, विशेषतः स्विंडनमध्ये, स्थायिक झाले. पण १ जानेवारी २०२१ पासून युरोपीय नागरिकांचा ब्रिटनमध्ये मुक्तपणे राहण्या-कमावण्याचा हक्क संपला. आज नव्याने पोर्तुगीज पासपोर्ट घेणाऱ्याला युरोपीय संघाची दारं उघडतात, ब्रिटनमध्ये नोकरीला मात्र व्हिसा लागतो. शिवाय भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. परदेशी नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की १९५५च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे भारतीय नागरिकत्व जातं आणि स्वतःच्या गावी यायलाही व्हिसा किंवा ओसीआय कार्ड काढावं लागतं. घरातल्या थोरांनी हा निर्णय घेण्याआधी एवढं तरी स्पष्ट समजून घ्यायला हवं.

व्हिसा कोणत्या देशाकडे मागायचा, याबद्दल दोन चुकीचे सल्ले सर्रास दिले जातात. पहिला: जिथे विमान उतरतं त्या देशाकडे. दुसरा: जो देश लवकर देतो त्याच्याकडे. २००९च्या व्हिसा संहितेत याचं उत्तर साधं आहे. प्रवासाचा मुख्य देश कोणता, त्याच्याकडे अर्ज. मुख्य म्हणजे जिथे सर्वाधिक दिवस जातील किंवा प्रवासाचं मुख्य कारण जिथे आहे. फ्रान्सला पाच रात्री, स्वित्झर्लंडला तीन आणि इटलीला तीन असतील, तर झुरिकला उतरूनही अर्ज फ्रान्सकडेच. दिवस सारखे असतील तेव्हाच पहिल्या प्रवेशाचा देश पाहतात. लवकर तारीख मिळते म्हणून एका देशाची खोटी आरक्षणं दाखवायची आणि राहायचं दुसरीकडे, हा सल्ला देणारा फी घेऊन मोकळा होतो. फसवून मिळवलेला व्हिसा रद्द झाला तर भोगावं लागतं ते प्रवाशाला.

मुंबई-पुण्यातल्या ज्या केंद्रांत फाइल दिली जाते, ती व्हिसा देत नाहीत. तिथे कागद, फी आणि बोटांचे ठसे घेतले जातात; निर्णय वकिलातीचा असतो. केंद्रात 'ओळख आहे' असं सांगणारा एजंट पैसे घेतो ते न मिळणाऱ्या गोष्टीचे. प्रौढांसाठी व्हिसाची फी जून २०२४ पासून ९० युरो आहे, ६ ते १२ वर्षांच्या आतल्या मुलांना ४५, त्याहून लहानांना फी नाही. केंद्राची सेवाफी वेगळी. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तो करावाच लागतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस, क्वचित पंचेचाळीसही लागतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ जातो, म्हणून मे महिन्यासाठी मार्चअखेर धावपळ करणं म्हणजे उशीर.

खात्यात अमुक लाख असले की व्हिसा नक्की, असा आकडा कुठेच लिहिलेला नाही. रोजच्या खर्चाला किती पैसे पुरेसे धरायचे हे प्रत्येक देश ठरवतो आणि त्यासोबत मिळकत, नोकरी, मुक्कामाचे दिवस पाहिले जातात. अर्जाच्या आदल्या आठवड्यात मेहुण्याकडून पाच लाख खात्यात घेतले, तर ती रक्कम मदत करण्याऐवजी शंका निर्माण करते. पगाराचा सरळ, नियमित ओघ त्याहून बोलका असतो. परतीचं तिकीट पूर्ण पैसे भरून आधीच काढावं लागतं, हाही गैरसमज; बहुतेक वकिलातींना आरक्षण पुरतं. पासपोर्ट मागच्या दहा वर्षांत दिलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा आणि दोन पानं कोरी असलेला हवा.

विम्याकडे केवळ अर्जाचा एक कागद म्हणून पाहू नये, विशेषतः ज्येष्ठांनी. नियम मागतो ते किमान ३०,००० युरोंचं संरक्षण: तातडीचे उपचार, रुग्णालय, आजारपणात किंवा मृत्यूनंतर मायदेशी आणणं. स्वस्त पॉलिसी ही अट पूर्ण करते आणि तरीही आधीपासूनचा मधुमेह किंवा हृदयविकार वगळलेला असू शकतो. सत्तरीच्या आईवडिलांसाठी पॉलिसी घेताना ते कलम वाचलंच पाहिजे.

अर्ज फेटाळला गेला म्हणजे कायमची बंदी आली, असं नसतं. नकाराचं कारण ठरलेल्या नमुन्यात लेखी मिळतं आणि त्या देशाच्या कायद्याप्रमाणे अपील करता येतं. उणीव भरून नव्याने अर्जही करता येतो, त्याला ठरावीक थांबण्याचा काळ नाही. नवा पासपोर्ट काढला की जुना नकार पुसला जातो, हे मात्र खरं नाही. नोंदी आणि बोटांचे ठसे देशांच्या सामाईक यंत्रणेत राहतात.

आणि हातात व्हिसा आहे म्हणजे प्रवेशाचा हक्क मिळाला, असंही नाही. व्हिसा संहितेत हे शब्दशः नोंदवलेलं आहे. सीमेवरचा अधिकारी मुक्कामाचा पत्ता, परतीचं तिकीट, पैशांची सोय, विमा विचारू शकतो. म्हणून या कागदांच्या प्रती हातातल्या बॅगेत ठेवाव्यात. यजमान लेक असेल तर तिचं निमंत्रणपत्र आणि फोन नंबर कागदावर लिहून न्यावा. इंग्रजी फारसं न येणाऱ्या आजीला तोच कागद सर्वांत जास्त उपयोगी पडतो.

सामानालाही प्रवेशाचे नियम आहेत आणि मराठी घरांत त्यांची माहिती फार कमी असते. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ सोबत नेता येत नाहीत. म्हणजे पनीर, खवा, साजूक तुपाचा डबा घरीच ठेवायचा. बाळाच्या दुधाच्या पावडरीला मर्यादित सूट आहे. ताजी फळं, भाज्या आणि कढीपत्ता यांना डिसेंबर २०१९ पासून रोग-कीड नसल्याचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. हापूसची पेटी भेट म्हणून नेणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. २०१४ मध्ये फळमाशीमुळे युरोपीय संघाने भारतीय आंब्यांची आयातच काही महिने थांबवली होती, इतकं तिथे हे गंभीर मानलं जातं. प्रमाणपत्राविना चालणारी फळं पाचच आहेत: केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन.