शून्य टक्के व्याज : कायदा काय म्हणतो?

दसरा-दिवाळी जवळ आली, बोनसची बोलणी सुरू झाली, की भोसरी-पिंपरीपासून चाकणपर्यंत दुकानांवर 'शून्य टक्के व्याज' असे फलक लागतात. आपला कंत्राटी कामगार बंधू त्याकडे ओढला जातो, कारण रोख रक्कम त्याच्यापाशी नसते. भगवान बुद्धांनी अनाथपिंडिकास गृहस्थाची चार सुखे सांगितली, त्यांत कर्ज नसण्याचे सुख एक आहे. हे आपण विहारात ऐकतो आणि घरी जाताना हप्त्याच्या कागदावर सही करतो! कर्ज घेऊच नये असे नव्हे. प्रश्न जाहिरातीतील असत्याचा आहे.

हिशेब करून पाहू. समजा, टीव्हीची किंमत २४,००० रुपये, दरमहा २,००० चे १२ हप्ते. व्याज शून्य! परंतु रोखीने तोच टीव्ही २२,५०० ला मिळतो, आणि हप्तेवाल्याकडून ५०० रुपये 'प्रोसेसिंग फी' आधीच घेतात. म्हणजे खरी उधारी २२,००० ची आणि फेड २४,००० ची. वरचे २,००० म्हणजे ९ टक्के, असे वाटते. पण मुद्दल दर महिन्याला फिटत जाते, ते वर्षभर आपल्यापाशी राहत नाही. म्हणून खरा वार्षिक दर १६ टक्क्यांच्या वर जातो.

रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात बँकांना हेच बजावले : शून्य टक्के व्याज ही गोष्टच अस्तित्वात नाही, ते फीच्या रूपाने वसूल होते.

फसवी जाहिरात १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही अनुचित प्रथाच होती. त्याच्या जागी २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या २०१९ च्या कायद्यानुसार महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडवणारी जाहिरातही दिशाभूल करणारी ठरते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाखांपर्यंत, आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकते.

कामगाराच्या खऱ्या उपयोगाची तरतूद मात्र निराळीच आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँक वा फायनान्स कंपनीने हप्त्याच्या प्रत्येक नव्या किरकोळ कर्जाआधी मुख्य माहितीचे पत्रक दिले पाहिजे, तेही कर्जदाराला समजेल अशा भाषेत. त्यात सर्व खर्च धरून वार्षिक दर असतो. पत्रकात नसलेला आकार स्पष्ट संमतीशिवाय घेता येत नाही. सात दिवस वा अधिक मुदतीच्या कर्जाचे पत्रक किमान तीन कामकाजाचे दिवस वैध असते. तेव्हा ते घरी आणावे, शिकणाऱ्या मुलांकडून वाचून घ्यावे. क्रेडिट कार्डाच्या उधारीला हा नियम नाही, तेथे अधिक सावध राहावे. पूर्वी सावकाराच्या कागदावर अंगठा उठत असे. आता मोबाईलवरचा ओटीपी सांगितला की अंगठा उठलाच.

जाहिरातीचा फोटो व पावती जपून ठेवावी. कंपनीचे मुख्य कार्यालय कोठेही असो, आपण राहतो वा काम करतो तेथे, म्हणजे पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास फी लागत नाही. चौकशीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५ आहे.