घोंगडीस दूरचें गिऱ्हाईक

आमच्या गांवीं पूर्वीं घोंगड्यांचे सात माग होते. आज एकच उरला आहे. तो चालविणारा सनगर आतां वृद्ध झाला आहे. त्याची घोंगडी आठवड्याच्या बाजारीं व्यापारी देईल त्या भावानें जात असे. दोन वर्षांपूर्वीं मागाचा खड्डा बुजवून त्या जागीं शेळ्या बांधाव्या, असें त्यानें मनाशीं ठरविलें होतें. तेव्हां तालुक्याच्या गांवीं महाविद्यालयांत शिकणारी त्याची नात म्हणाली, "आजोबा, एक वर्ष थांबा. मी मोबाईलवरून विकून पाहतें." हिशेब ठेवण्यास तिनें मला बोलाविलें, कारण माझी सारी नोकरी महसूल खात्यांत नोंदी करण्यांत गेली. त्या खटाटोपांतून जें हातीं आलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहें.

हा विषय विणकराचा, शेतकऱ्यास त्याचें काय, असें कोणी म्हणेल. परंतु शेतांत मेंढ्या बसवून खत करून घेणाऱ्या प्रत्येकाचा त्याशीं संबंध आहे. दख्खनी मेंढीची लोकर वर्षांतून दोन वेळां कातरतात. ती जाडीभरडी असल्यामुळें बारीक कापडास चालत नाहीं. घोंगडी विणणारा हेंच तिचें जुनें व हक्काचें गिऱ्हाईक. माग बंद पडले कीं लोकरीस भाव राहत नाहीं, कित्येक ठिकाणीं ती टाकून द्यावी लागते, आणि धनगराच्या पदरीं कातरणीचा खर्च तेवढा पडतो. त्याचें पोट मेंढ्यांवर भरेनासें झालें, तर आपल्या शेतांत कळप कोण आणणार?

इंटरनेटवर दुकान मांडण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला, ॲमेझॉन, फ्लिपकार्ट यांसारख्या मोठ्या बाजारांत जागा घेणें. तेथें गिऱ्हाईक पुष्कळ, परंतु विक्रीवर दलाली कापली जाऊं शकते. दुसरा, शासनानें काढलेलीं दुकानें. केंद्राच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाचें 'इंडियाहँडमेड' हें विणकर व कारागीर यांच्यासाठीं आहे. आपल्या राज्यांत बचत गटांच्या मालासाठीं 'उमेद मार्ट' आहे. तिसरा, व्हॉट्सॲप किंवा इन्स्टाग्राम यांवर स्वतःच माल दाखवून विकणें. त्यांत दलाली नाहीं, पण विश्वास शून्यापासून मिळवावा लागतो. मुलीनें पहिला व तिसरा असे दोन्ही मार्ग धरले.

पहिल्याच महिन्यांत ठेंच लागली. छायाचित्र रात्रीं दिव्याच्या उजेडांत काढलें होतें. त्यांत काळी घोंगडी तपकिरी दिसली. पुण्याच्या गिऱ्हाइकानें ती परत पाठविली, आणि वर लिहिलें कीं घोंगडी अंगास टोंचते व तिला वास येतो. म्हाताऱ्यास फार लागलें. तो म्हणाला, "घोंगडी टोंचणार नाहीं तर काय रेशीम आहे?" परंतु चूक आमची होती. जी गोष्ट आपणांस लहानपणापासून ठाऊक, ती शहरच्या माणसास ठाऊक असेलच असें नाहीं. त्यानंतर छायाचित्रें सकाळच्या उन्हाच्या सावलींत काढलीं, शेजारीं मोजपट्टी ठेविली, आणि स्पष्ट लिहिलें: लोकर जाड आहे, प्रथम टोंचते, ताण्यास चिंचोक्याची खळ असल्यामुळें नवेपणीं ताठ लागते, दोन दिवस सावलींत वारा द्यावा. असें लिहिल्यानें गिऱ्हाईक पळेल अशी मला भीति होती. उलट परतफेड कमी झाली.

आतां हिशेब. आरंभीं किंमत २,४०० रुपये ठेविली होती. दलाली शेंकडा १५ प्रमाणें ३६० रुपये, त्या दलालीवर शेंकडा १८ प्रमाणें जीएसटी ६४ रुपये ८० पैसे, पाठवणी २२०, बांधणी ४०. हातीं उरले १,७१५ रुपये २० पैसे. त्यांतून लोकर, सूतकताई व खळ यांचे ७०० वजा जातां १,०१५ रुपये २० पैसे. विणकाम व फिनिशिंग मिळून चार दिवस; म्हणजे रोज २५४ रुपयेही पडत नाहींत. शेतमजुरीपेक्षां कमी! हा कागद म्हाताऱ्यापुढें ठेवला तेव्हां किंमत ३,२०० करण्यास तो तयार झाला. त्या भावानें रोज सुमारें ४१८ रुपये पडतात. तात्पर्य, बाजारभाव पाहून किंमत ठरवूं नये. आपल्या दिवसांची मजुरी आधीं मांडावी व मग किंमत काढावी. परत येणाऱ्या मालाचा दुहेरी भाडेखर्चही त्यांतच धरावा.

पाठवणींत एक गोम आहे. बहुतेक कुरियरवाले वजन व आकार यांपैकीं जें अधिक भरेल त्यावर आकार लावतात. लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरांत गुणून ५,००० नें भागतात. येणारा आंकडा किलो समजतात. घोंगडीची सैल गुंडाळी ६० × ३० × २५ झाली तर ती ९ किलो धरली जाते. तीच घट्ट घडी करून ४० × ३० × २० केली तर ४.८ किलो. दाबून बांधण्यांत मजुरीचा एक दिवस वांचतो, असें समजावें.

कायद्याविषयीं दोन शब्द. १ ऑक्टोबर २०२३ पासून, जीएसटी नोंदणीच्या मर्यादेहून कमी उलाढाल असणाऱ्या लहान विक्रेत्यास आपल्याच राज्यांत अशा बाजारांतून माल विकण्यास पूर्ण नोंदणीची सक्ति नाहीं. पॅन देऊन नोंद-क्रमांक घेतला म्हणजे पुरतें. परराज्यांत पाठवावयाचें असल्यास हस्तकलेच्या ठराविक वस्तूंस सवलत आहे. आपली वस्तु त्या यादींत बसते कीं नाहीं, हें कर-सल्लागारास आधीं विचारावें. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणें एकूण किंमत व परतीच्या अटी गिऱ्हाइकास आधींच दाखवाव्या लागतात.

आणखी एक इशारा. एकानें "दहा घोंगड्या घेतों, पैसे पाठवितों, हा कोड उघडून पिन घाला" असा निरोप धाडला. पैसे घेण्यास पिन कधींच लागत नाहीं. तो पैसे देण्यासच लागतो. मुलीस हें ठाऊक होतें म्हणून खातें वांचलें. घरांतील वडीलधाऱ्यांनीं ही एक ओळ भिंतीवर लिहून ठेवावी.

वर्षभरांत ३१ घोंगड्या गेल्या, तीन परत आल्या. संपत्ति झाली नाहीं. पण खड्डा बुजला नाहीं, आणि शेजारच्या धनगराची दोन कातरणींची लोकर घरबसल्या विकली गेली. मुलगी मागावर बसेल कीं नोकरीस जाईल, हें अजून भिजत घोंगडें आहे. तिनें नोकरी धरली तर विणणारे हात कोठून आणावे, याचें उत्तर मोबाईलपाशीं नाहीं. तें गांवांतच शोधावें लागेल. ज्यांच्या घरीं गोधडी, टोपली, दोर किंवा केरसुणी करणारे हात आहेत, त्यांनीं निदान एक वस्तु घेऊन वरीलप्रमाणें हिशेब कागदावर मांडून पाहावा, एवढीच विनंति.