गुढीपाडव्याच्या रात्री काय पडलं?

2 एप्रिल 2022 ची संध्याकाळ आठवतेय? गुढीपाडवा होता. तुम्ही तेव्हा शाळेत असाल. पावणेआठच्या सुमारास वर्धा, नागपूर, चंद्रपूर, सगळीकडे लोक गच्चीवर आणि रस्त्यावर येऊन मोबाइल वर धरून उभे होते. आकाशातून जळत्या रेषा सरकत गेल्या. कुणी उल्का म्हणालं, कुणी विमान. व्हॉट्सॲप काय म्हणालं ते सोडूनच द्या.

नंतर चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात धातूचं भलंमोठं कडं सापडलं. आजूबाजूच्या गावांत धातूचे गोळे मिळाले. नशीब, कुणाला लागलं नाही. इस्रोची माणसं येऊन पाहून गेली. अवकाशातल्या वस्तूंचा हिशेब ठेवणारे अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी सांगितलं, की हा फेब्रुवारी 2021 मध्ये उडालेल्या चिनी 'चांग झेंग 3बी' रॉकेटचा तिसरा टप्पा असावा. म्हणजे वर्षभर तो आपल्या डोक्यावरून फिरत होता. अशा टप्प्याची कक्षा लांबट असते. दर फेरीत तो खाली वातावरणाला घासतो, वेग गमावतो आणि एक दिवस कोसळतो. कुठे, हे कुणाच्याच हातात नसतं.

आता खरी गंमत. त्या महिन्यात या जातीच्या रॉकेटने चीनने सोडला तो टीजेएस-6 हा उपग्रह. चीन त्याला दळणवळण तंत्रज्ञानाची चाचणी म्हणतो. बाहेरच्या अनेक अभ्यासकांना मात्र तो शत्रूच्या क्षेपणास्त्रांवर नजर ठेवणारा लष्करी उपग्रह वाटतो. त्यांचं खरं असेल, तर अवकाशातल्या लष्करी चढाओढीचं भंगार आपल्या धानपट्ट्यात येऊन पडलं.

समजा ते एखाद्या घरावर पडलं असतं तर? 1972 चा एक आंतरराष्ट्रीय करार आहे. जमिनीवर नुकसान झालं, तर ज्या देशाने रॉकेट सोडलं त्याने भरपाई द्यायची. चूक कुणाची, हे सिद्ध करायचीही गरज नाही. पण या कराराखाली दावा करतं सरकार, सरकारशी. लाडबोरीच्या माणसाला दिल्लीमार्गेच बीजिंगला जावं लागलं असतं. 1978 मध्ये अणुभट्टी असलेला सोव्हिएत लष्करी उपग्रह कॅनडावर कोसळला, तेव्हा तीन वर्षांनी 30 लाख कॅनेडियन डॉलर मिळाले. कॅनडाने मागितले होते साधारण दुप्पट.

चीनला नावं ठेवून मोकळं होणं सोपं आहे. पण 27 मार्च 2019 रोजी आपणही 'मिशन शक्ती'त आपलाच मायक्रोसॅट-आर उपग्रह क्षेपणास्त्राने फोडला. अमेरिका, रशिया, चीननंतर आपण चौथे. उंची जेमतेम 300 किलोमीटर ठेवली होती, तुकडे लवकर खाली यावेत म्हणून. चीनने 2007 मध्ये साडेआठशे किलोमीटरच्या वर केलेल्या अशाच स्फोटाचे तुकडे अजून फिरताहेत, त्या मानाने आपण शहाणपणाने वागलो. पण सरकार म्हणालं होतं काही आठवडे, आणि आपलेही काही तुकडे त्याहून बरेच जास्त दिवस वर राहिले. डिसेंबर 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रांत अशा स्फोटक चाचण्या थांबवण्याचा ठराव आला. 155 देश बाजूने, 9 विरोधात, 9 तटस्थ. भारत तटस्थ.

का, याचं उत्तर दिल्लीच्या दृष्टीने अवघड नाही. नौदलासाठी जीसॅट-7, वायुदलासाठी जीसॅट-7ए आधीच वर आहेत, आणि शेजाऱ्याकडे ते पाडायचं हत्यार आहे. 1967 चा बाह्य अवकाश करार कक्षेत अण्वस्त्रं ठेवायला बंदी घालतो. जमिनीवरून क्षेपणास्त्र डागून उपग्रह फोडायला नाही. मला विचाराल, तर आपली गरज पटते, तटस्थ राहणं पटत नाही. चाचणी करून झाली होती, मग हात वर करायला काय हरकत होती?

2023 चं भारतीय अवकाश धोरण डाउनलोड करून बघा. मोजकीच पानं आहेत, एका चहात होतील. त्याच्या उद्दिष्टात देशाची सुरक्षा आणि अवकाशाचं शांततामय संशोधन एकाच लांबलचक वाक्यात शेजारी बसलेत. अगदी आपल्या जिल्ह्यासारखं. इकडे सेवाग्रामची बापू कुटी, तिकडे पुलगावचं दारूगोळा भांडार. 31 मे 2016 च्या पहाटे तिथे लागलेली आग अन् गेलेले जवान पुलगावकर विसरलेले नाहीत.

धोरणाने खाजगी कंपन्यांना दार उघडलं. तुमच्यातले मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्सवाले उद्या त्यांच्याकडे मुलाखतीला जातील. रॉकेटचं नोझल आणि क्षेपणास्त्राचं नोझल बनवायची विद्या एकच असते, तेव्हा हा माल कुणाकुणाला विकला जातो, हे तिथे विचारायला लाजू नका. आणि तुमच्या कंपनीचा तुकडा दुसऱ्या देशातल्या एखाद्या लाडबोरीत पडला, तर भरपाई कोण देणार? जगापुढे भारत सरकार. ते पैसे सरकारने कंपनीकडून कसे वसूल करायचे, विमा किती हवा, हे ठरवू पाहणारा अवकाश विधेयकाचा मसुदा 2017 मध्ये लोकांसमोर आला होता. त्याचा कायदा अजून झालेला नाही.