कड्यापलीकडचा चेहरा

आमच्या सोसायटीच्या आवारात संध्याकाळी कुणी ना कुणी सायकल शिकत असतं. बाबा मागून कॅरिअर धरून धावतात आणि लेकीला न सांगताच हात सोडतात. वरच्या गॅलरीतून लगेच आवाज येतो, "अहो, सोडू नका, पडेल ती!" आई 'जप' म्हणणार, बाबा 'कर' म्हणणार. आपण याला आईचा आणि बापाचा स्वभाव म्हणून मोकळे होतो. मला ते पुरतं पटत नाही.

फरक आहेच. कॅनडातल्या माँट्रियलचे मानसशास्त्रज्ञ दानिएल पाकेत यांनी 2004 मध्ये त्यावर सविस्तर लिहिलं. आईच्या कुशीत मूल शांत होतं, तर बापाबरोबरचा दंगा त्याला बाहेरच्या जगात उतरवतो, अशी त्यांची मांडणी. त्यांनी दिलेलं एक निरीक्षण मला फार बोलकं वाटतं. तान्ह्यांच्या पोहण्याच्या वर्गात आया बहुधा बाळासमोर उभ्या राहतात, नजरेला नजर देऊन. वडील पाठीशी राहतात आणि बाळाचं तोंड पाण्याकडे, माणसांकडे असतं. पण पाकेत यांची एक अटही आहे: धाडसाला उत्तेजन देणाऱ्यानेच मर्यादाही आखली पाहिजे. 'चढ' म्हणणाऱ्यानेच 'आता इथे थांब' म्हणायचं. हा दुसरा भाग बरेच बाबा आईवर सोडून देतात आणि मग तीच तेवढी भित्री ठरते.

आई खरंच भित्री असते का? अमेरिकेत एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक यांनी 1960 च्या सुमारास बाळांसाठी एक खोटा कडा तयार केला होता. टेबलावर जाड काच. अर्ध्या भागात काचेला लागूनच चौकटींचं कापड, उरलेल्या भागात ते कापड खाली, खोलवर. काच सलग असल्याने पडण्याचा धोका नाही, पण बाळाला समोर खोली दिसते. 1985 मध्ये जेम्स सॉर्स आणि सहकाऱ्यांनी ही खोली बेताची ठेवली, म्हणजे जावं की नाही असा प्रश्न बाळाला पडावा. पलीकडे आई उभी. तिने बोलायचं नाही, फक्त चेहऱ्यावर भाव आणायचा. आई हसली तेव्हा वर्षभराच्या 19 बाळांपैकी 14 जणांनी कडा ओलांडला. आईच्या चेहऱ्यावर भीती होती तेव्हा 17 पैकी एकानेही नाही. म्हणजे आईचा चेहरा जसा रोखतो, तसा तो पलीकडे नेतोही.

मग तो चेहरा कधी हसतो, कधी घाबरतो? न्यूयॉर्कमध्ये कॅरन अॅडॉल्फ आणि सहकाऱ्यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अकरा महिन्यांच्या बाळांना उतारावरून रांगायला लावलं. आपलं बाळ किती तीव्र उतार उतरेल, हे आयांना आधीच विचारलं होतं. मुलांच्या आयांनी अंदाज चढा सांगितला, मुलींच्या आयांनी कमी. प्रत्यक्षात मुलगे आणि मुली सारखेच उतरले. कॅनडातल्याच ग्वेल्फ विद्यापीठात बार्बरा मोरोंजिएलो यांनी खेळाच्या मैदानातल्या खांबावर आईबाप दोघांनाही पाहिलं. खांबावरून घसरताना मुलींना जास्त सूचना, जास्त आधार. मुलांना मात्र 'तुझं तू उतर'. यात बापही आले. म्हणून मला वाटतं, आई की बाप यापेक्षा मुलगा की मुलगी हा भेद अधिक खोल आहे.

आपल्या घरांत त्याला आणखी एक धार आहे. बाबांच्या देखरेखीत गुडघे फुटले, तर 'खेळताना लागायचंच' म्हणून हळद दाबली जाते. आईच्या देखरेखीत कपाळाला खोक पडली, तर सासूपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांचा एकच सवाल: "तुझं लक्ष कुठे होतं?" आणि लेक असेल तर वर, "चेहऱ्यावर व्रण राहिला तर उद्या लग्नात अडचण." प्रत्येक टाक्याचा हिशेब जिच्याकडे मागितला जातो, ती हसून 'ये पलीकडे' कशी म्हणेल? गॅलरीतल्या त्या ओरडण्यात बाळाच्या काळजीइतकंच या हिशेबाचं भय असतं.

तेव्हा पुढच्या वेळी लेक जंगलजिमवरून पडली, तर आधी जखम धुवा. घरात कुणी 'लक्ष कुठे होतं' म्हणून आईला विचारायला लागलं, तर त्याला तिथेच थांबवा. ते काम बाबांनी करावं.