काळी नदीच्या तरीवर

मडगावहून कारवारला जाणाऱ्या हमरस्त्याला किनाऱ्याचा रस्ता म्हणतात खरे. पण समुद्र पाहण्याच्या हौसेने निघालेल्या प्रवाशाची तो बराच वेळ निराशाच करतो. कुंकळ्ळी, बाळ्ळी मागे पडल्यावर करमल घाटाचे रान सुरू होते आणि पावसाळ्यात तेथे भर दुपारी दिवे लावून गाडी हाकावी लागते. काणकोणच्या वळणरस्त्यावर तळपण व गालजीबाग या नद्या ओलांडताना मात्र समुद्राची चाहूल लागते. भरतीचे पाणी आत शिरत असते, डोंगरातले तांबडे पाणी बाहेर पडू पाहत असते, आणि पुलावरून ती झटापट न्याहाळताना मन रमून जाते.

२०२४ च्या श्रावणात, नारळी पौर्णिमेनंतर दोन दिवसांनी, आम्ही आईला घेऊन या वाटेने निघालो. तिला गोकर्णाला महाबळेश्वराचे दर्शन घ्यायचे होते. वाटेत तिचे माहेर, कारवारचे कोडीबाग. पोळे, माजाळी मागे टाकून सदाशिवगडचा डोंगर चिरून गेलेल्या रस्त्याने गाडी बाहेर पडली आणि समोर काळी नदीचे मुख पसरले. आम्ही नव्या पुलावर होतो. शेजारचा चाळीस वर्षांहून जुना पूल ७ ऑगस्टच्या मध्यरात्रीनंतर कोसळला होता. त्याच्यासह एक ट्रक नदीत गेला. चालक मात्र वाचला. पाण्यात तिरपे पडलेले ते गाळे पाहून गाडीतील बोलणे थांबले.

आईच्या लग्नाच्या वेळी येथे पूल नव्हता, तर होती. पहिल्या श्रावणात माहेरी येताना वारा सुटला म्हणून तांडेलाने तर सोडली नाही. पलीकडची कोडीबागची माडे डोळ्यांसमोर असताना तिने सदाशिवगडच्या काठी सारी दुपार ओल्या लुगड्यात काढली. तांडेलाशी हुज्जत घालणाऱ्या माझ्या वडिलांना एका म्हाताऱ्या कोळणीने चांगलेच खडसावले होते, हे आई अजूनही हसत सांगते. त्या दिवशी मात्र ती हसली नाही.

कारवारला समुद्र अखेर रस्त्यालगत आला, करडा आणि खवळलेला. तरुण रवींद्रनाथ ठाकुरांना याच किनाऱ्याने आणि काळी नदीतील नौकाविहाराने भुरळ घातली होती. आमचे लक्ष पुढच्या वाटेकडे होते. अंकोल्यापलीकडे शिरूर येथे १६ जुलैला, रस्त्यासाठी कापलेला डोंगर अतिवृष्टीत खाली आला होता. कडेचे चहाचे दुकान त्यातील कुटुंबासह गाडले गेले. एक ट्रक गंगावळी नदीत गेला, तो आमच्या प्रवासापर्यंत सापडला नव्हता. सप्टेंबरमध्ये त्यातून चालकाचा देह निघाला.

वाट मोकळी झाली आहे, हळू गेलो तर दोन तासांत गोकर्ण, असे मी म्हणालो. बाहेर सर कोसळत होती. आईने पिशवीतला महाबळेश्वरासाठी आणलेला नारळ माझ्या हातात दिला.

“आज तर सुटत नाही, असे समज,” ती म्हणाली, “आणि कोडीबागेला वळव.”