कुंडलिकेचं पाणी सह्याद्री ओलांडून येतं

बचतगटाची सहल म्हटली की आपण बहुतेक वेळा देवदर्शन ठरवतो. आज आम्ही एक वेगळं ठिकाण सांगणार आहोत. रायगड जिल्ह्यातलं कोलाड आणि तिथली कुंडलिका नदी. इथे लोक हवा भरलेल्या रबरी होडीत बसून, हातात वल्हं घेऊन उसळत्या पाण्यातून जातात. यालाच राफ्टिंग म्हणतात.

कोकणातल्या कितीतरी नद्या चैत्र-वैशाखात आटतात. मग कुंडलिका भर उन्हाळ्यात कशी वाहते? हे पाणी मुळात तिचं नाही. ते घाटावरच्या मुळशी धरणातलं. आपल्या वाटेनं गेलं असतं तर मुळा, भीमा, कृष्णा करत ते पूर्वेच्या समुद्राला मिळालं असतं. पण धरणातून ते पश्चिमेला वळवतात आणि मोठ्या नळांतून सह्याद्रीच्या उतारावरून खाली भिऱ्याला आणतात. पडणाऱ्या पाण्याच्या जोरावर वीज तयार होते आणि पाणी पुढे कुंडलिकेत येतं. या धरणाखाली आपल्या जमिनी जाऊ नयेत म्हणून १९२१ साली मुळशीच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापट त्यांचे पुढारी होते. त्या लढ्यात बायकाही उतरल्या होत्या.

आता महत्त्वाची गोष्ट. वीजघर सुरू झालं की नदी भरते, थांबलं की उतरते. म्हणून राफ्टिंग बहुधा सकाळी, पाणी सुटल्यावर होतं. पण काठावर धुणं घेऊन बसलेल्या बाईसाठी हेच पाणी धोक्याचं. आभाळात ढग नसतो आणि पाणी चढू लागतं. तुमची नदी धरणाखाली असेल तर पाणी कधी सोडतात, भोंगा कधी वाजतो, हे गटातल्या प्रत्येकीला आणि पोराबाळांना ठाऊक हवं.

होडीत बसायला पोहता आलंच पाहिजे असं नाही, पण तरंगतं जाकीट हवंच. त्याचे पट्टे अंगासरशी आवळून घ्या. साडी नको, ओढणीही नको; सलवार-कुर्ता बरा. बांगड्या, मंगळसूत्र घरी ठेवा. गरोदर बाईनं किंवा हृदयाचा त्रास असणारीनं होडीत बसू नये. मागे बसलेला वाटाड्या सांगेल तेव्हा सगळ्यांनी एकदम वल्हं मारायचं. जात्यावर दोघी बसल्या की हात जसे जुळतात, तसंच. कुणी पाण्यात पडलीच, तर उभं राहायची धडपड करू नये, पाय दगडांत अडकतो. उताणं व्हावं, पाय वाहत्या दिशेला ठेवावेत आणि टाकलेला दोर धरावा.

खडकाळ टप्पे ओलांडले की पाणी संथ होतं. तेव्हा मान वर करून बघा. दोन्ही काठांना झाडी आणि मागे सह्याद्रीची उभी भिंत. आपली होडी ज्या पाण्यावर चालली, ते त्याच भिंतीपलीकडून आलेलं.

जायचं ठरवलंत तर आधी दोन प्रश्न विचारा. प्रत्येकीला जाकीट आणि डोक्याला टोप मिळणार का? आणि सोबत बचावाची वेगळी होडी असणार का? दोन्हीला ‘हो’ मिळालं, तरच पैसे भरा.