ताईचं संध्याकाळचं बीपी आणि भिंतीवरचं हुशार यंत्र

गेल्या डिसेंबरात माझी थोरली बहीण इंग्लंडमध्ये लीड्सला मुलाकडे राहायला गेली. वय ७१, रक्तदाबाची एक गोळी रोज सकाळी, बाकी प्रकृती ठणठणीत. जाताना तिने बीपी मोजायचं यंत्र नेलं, आणि मी नको नको म्हणत असताना लोणच्याच्या दोन बरण्याही नेल्या. पंधरा दिवसांनी तिने व्हॉट्सॲपवर पाठवलेले आकडे पाहून मी बुचकळ्यात पडले. सकाळचं वरचं बीपी १३२, १३०, १३४. संध्याकाळी सातचं १५६, १६२, १५८.

अशा वेळी डॉक्टरच्या मनात जे येतं तेच माझ्याही आलं. गोळीचा परिणाम संध्याकाळपर्यंत पुरत नसावा, किंवा मीठ वाढलं असावं. संध्याकाळसाठी आणखी अर्धी गोळी सुरू करायच्या बेतात मी होते. तेवढ्यात ताई फोनवर सहज म्हणाली, "अगं, चार वाजले की हे घर गार पडायला लागतं. मी शाल गुंडाळून मालिका बघत बसते. पण याला काय सांगणार? त्याचं ते यंत्र फार हुशार आहे म्हणे."

मग मी भाच्याला फोन लावला.

त्याच्या घरी गॅसचा बॉयलर काढून हीट पंप बसवला आहे. हीट पंप म्हणजे उलटा चालणारा एसी. आपला एसी खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो, हा बाहेरच्या थंड हवेतली उष्णता उचलून घरात आणतो. ही कल्पना पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्ध झालेल्या शास्त्रज्ञांनी १८५२ सालीच मांडली होती. विजेच्या एका युनिटमध्ये साधारण तीन युनिट उष्णता मिळते, कारण यंत्र उष्णता तयार करत नाही, फक्त वाहून आणतं. घरात ज्योत नसल्यामुळे कार्बन मोनॉक्साइडची भीतीही जाते. बंद बाथरूममध्ये गॅस गीझरमुळे बेशुद्ध झालेली माणसं आमच्या कॅज्युअल्टीत येतात, त्यामुळे मला तर हाच फायदा सगळ्यात मोठा वाटतो.

पण या पंपाचा स्वभाव बॉयलरसारखा नाही. बॉयलर रेडिएटरमध्ये ६०-७० अंशांचं पाणी सोडून घर झटपट तापवतो. हीट पंपाला ३५ ते ४५ अंशांचं कोमट पाणी तासन् तास फिरवायला आवडतं. पाणी जितकं जास्त तापवायला लावाल, तितकी वीज जास्त खातो. त्यातच ब्रिटनमधल्या काही वीजयोजनांत दर अर्ध्या तासाला भाव बदलतो, म्हणजे दिवसाला ४८ भाव. संध्याकाळी चार ते सात वीज महाग, मध्यरात्रीनंतर बहुधा स्वस्त. हा सगळा हिशेब माणसाने किती ठेवायचा? तो ठेवायला सॉफ्टवेअर आलं, त्याला ऑप्टिमायझर म्हणतात. ते उद्याचं हवामान आणि उद्याचे विजेचे भाव पाहतं, घर किती वेगाने तापतं आणि निवतं हे काही दिवसांत शिकतं, आणि पंप कधी, किती जोराने चालवायचा ते ठरवतं. वीज स्वस्त असताना घर थोडं जास्त तापवून ठेवायचं आणि महाग तासांत त्या साठवलेल्या उबेवर काढायचं, ही त्यातली मुख्य युक्ती.

भिंतींत इन्सुलेशन नीट असेल तर ही युक्ती छान चालते. भाच्याचं घर जुनं, विटांचं, फटींतून वारा येणारं. शिवाय त्याने सॉफ्टवेअर बसवलं तेव्हा तो आणि सूनबाई सकाळी आठला बाहेर पडून संध्याकाळी साडेसहाला परतत. त्यामुळे त्याने दुपारनंतरची वेळ 'घरी कोणी नाही' अशी भरून ठेवली होती आणि बचतीचा काटा अगदी टोकाला नेला होता. पंप चार वाजता थांबायचा तो सातपर्यंत. ताई आली, तिची खोली लावली, गादी बदलली, देवघरही मांडलं. ॲपला मात्र घरात माणूस वाढल्याचं कोणी सांगितलं नाही. "मावशी, ॲपमध्ये तर १८ दिसतं," भाचा म्हणाला. ते १८ जिन्याजवळच्या पॅसेजमधलं होतं. ताई बसायची त्या उत्तरेच्या खोलीत मी साधा थर्मामीटर ठेवायला सांगितला. संध्याकाळी सातला १५.५ अंश.

आता या १५.५ चा आणि १६२ चा संबंध सांगते. गारठ्यात शरीर आतली ऊब राखण्यासाठी त्वचेतल्या रक्तवाहिन्या आवळतं, आणि वाहिन्या आवळल्या की रक्तदाब वाढतो. ब्रिटनमधले शरीरक्रियातज्ज्ञ विल्यम कीटिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. अगदी कमी कपड्यांतल्या माणसांना त्यांनी २४ अंशांच्या वाहत्या हवेत सहा तास ठेवलं. ही काही फार थंडी नव्हे. तरीही सरासरी रक्तदाब १२६/६९ वरून १३८/८७ वर गेला आणि रक्ताचा दाटपणा २१ टक्क्यांनी वाढला. दाट रक्त आणि चढलेला दाब एकत्र आले की हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांना वाट मोकळी होते.

युरोपात एक विचित्र गोष्ट वारंवार दिसून आली आहे. हिवाळ्यात मृत्यूंचं प्रमाण जितकं वाढतं, ती वाढ कडाक्याच्या थंडीच्या फिनलंडपेक्षा सौम्य हवेच्या पोर्तुगालमध्ये जास्त असते. फिनलंडमधली घरं उबदार असतात, पोर्तुगालमधली नसतात. बाहेर बर्फ आहे की नाही यापेक्षा माणूस बसतो त्या खोलीत काय आहे, हे जास्त महत्त्वाचं ठरतं. नाशिक-निफाडकडे पारा एक आकडी होतो तेव्हा आपल्याकडच्या घरांतही हेच घडतं, फक्त तिथे बचत करायला यंत्रच नसतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत थंड हवामानातल्या घरांसाठी किमान १८ अंश सुचवले आहेत. वृद्ध, लहान मुलं आणि जुनाट आजार असलेल्यांना त्याहून जास्त लागू शकतं, असंही म्हटलं आहे. ॲपमधला बचतीचा काटा सरकवणारा मुलगा चाळिशीचा असतो आणि स्वतःच्या अंगावरून अंदाज बांधतो. म्हातारपणी थंडीची जाणीवच बोथट होते. मधुमेहाने पायांच्या नसा बधिर झालेल्या माणसाला पाय गार पडल्याचं कळत नाही. थायरॉइड कमी असलेल्याला आणि बीटा ब्लॉकर घेणाऱ्याला थंडी जास्त बाधते. आणि आपल्या पिढीतल्या बायका मुलाच्या घरी 'मला थंडी वाजते' असं सांगतच नाहीत.

मी ताईची गोळी वाढवली नाही. वाढवली असती तर एप्रिलमध्ये ती कोल्हापूरच्या उन्हात परतल्यावर तोच डोस जास्त झाला असता. वाहिन्या उन्हाने सैलावलेल्या, वर जादा गोळी; अशी माणसं बाथरूममधून उठताना चक्कर येऊन पडतात आणि खुब्याचं हाड मोडून आमच्याकडे येतात.

भाच्याला आणखी एक विचारलं, आंघोळीचं गरम पाणीही तेच सॉफ्टवेअर सांभाळतं का? सांभाळत होतं. पंपाला पाणी ४८-५० अंशांवर ठेवणं स्वस्त पडतं. पण लिजिओनेला नावाचा जंतू २० ते ४५ अंशांच्या साठलेल्या पाण्यात वाढतो आणि तुषारांबरोबर श्वासातून फुप्फुसात गेला तर न्यूमोनिया करतो. १९७६ साली फिलाडेल्फियातल्या एका संमेलनात त्याने अनेकांचे बळी घेतले, तेव्हा त्याची पहिली ओळख झाली. म्हणून अशा टाक्यांचं पाणी ठरावीक दिवसांनी, बहुतेक ठिकाणी आठवड्यातून एकदा, ६० अंशांपर्यंत तापवतात. पंपाच्या मूळ यंत्रणेत ही सोय असते. नियंत्रण ऑप्टिमायझरकडे दिल्यावर ती चालू राहिली का, हे मात्र पाहावं लागतं. भाच्याकडे चालू होती. तापवण्याच्या दिवशी ताईने नळ जपून सोडावा, हे तेवढं मी बजावलं, कारण ६० अंशांचं पाणी म्हाताऱ्या त्वचेला काही सेकंदांत भाजतं.

सॉफ्टवेअर काही काढून टाकलं नाही, तशी गरजही नव्हती. भाच्याने दुपारची वेळ 'घरी आहे' केली, तापमानाचा सेन्सर पॅसेजमधून ताईच्या खोलीत हलवला आणि कोणत्याही भावाला २० च्या खाली जायचं नाही, अशी अट घातली. आता ते दुपारी तीनच्या सुमारास घर थोडं जास्त तापवतं आणि महाग तासांतही पंप हळू चालू ठेवतं. बिल वाढलंय, पण भाचा म्हणतो, जुन्या पद्धतीने दिवसभर सरसकट तापवलं असतं तर त्याहून जास्त आलं असतं.

आठवड्याभरात संध्याकाळचे आकडे १३८, १३६, १४० वर आले. लोणच्याची एक बरणी संपल्याचंही ताईने त्याच मेसेजमध्ये कळवलं. त्याबद्दल बोलायचं अजून बाकी आहे.